धूमकेतू घरबसल्या खोटा कसा पाडावा

तुम्हाला खगोलशास्त्रातलं काही कळत नाही? उत्तम. निम्मं काम झालं. अंतराळ संस्थेनं दिलेला फोटो बनावट आहे हे ठरवायला एक फोन आणि एक भुवई पुरते. फोटो बोटांनी मोठा करायचा, भुवई वर करायची आणि म्हणायचं, "मला तर हे एडिट केलेलं वाटतंय." पुढची जबाबदारी समोरच्याची. तो पुरावा काढू लागला की तुम्हाला एकदम काहीतरी काम आठवलं पाहिजे.

हे तंत्र मला नुकतंच एका सद्गृहस्थांनी शिकवलं. मुलांना धूमकेतूंविषयी चार गोष्टी सांगायला मला बोलावलं होतं. युरोपच्या रोझेटा यानानं टिपलेला ६७पी/चुर्युमोव्ह-गेरासिमेन्को हा धूमकेतू पडद्यावर आला आणि मागून प्रश्न आला, "तारे कुठायत?" मी म्हटलं, धूमकेतूचा गाभा उन्हात आहे. त्याच्यासाठी कॅमेऱ्याचा पडदा क्षणभरच उघडतात, तेवढ्यात अंधुक तारे उमटत नाहीत. "म्हणजे स्टुडिओत काढलाय." मग मी दुसरी फीत लावली. १ जून २०१६ ची, सुमारे १३ किलोमीटरवरून घेतलेल्या फोटोंची. तिच्यात त्याच धूमकेतूवरचा कडा दिसतो, समोरून हिमवर्षाव झाल्यासारखे ठिपके जातात आणि मागे तारे सरकतात. ठिपक्यांपैकी काही धूळ, काही कॅमेऱ्यावर आदळलेले वैश्विक किरण. साहेब खूश झाले. "हवा नाही तिथे बर्फ पडतोय? हे तर नक्कीच कॉम्प्युटरवर केलंय!"

तर नियम लिहून घ्या. तारे नसले तर फोटो खोटा. तारे असले तर जास्त खोटा.

रंगांचंही तसंच: काळा-पांढरा असेल तर 'लपवताहेत', रंगीत असेल तर 'रंगवलाय'.

फोटो अस्पष्ट असेल तर तुमची दिवाळीच. ३आय/ॲटलास हा आपल्या सूर्यमालेबाहेरून आलेला, आजवर सापडलेला तिसराच पाहुणा. १ जुलै २०२५ ला तो सापडला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला मंगळापासून सुमारे ३ कोटी किलोमीटरवरून गेला. मंगळाभोवती फिरणाऱ्या अमेरिकी यानावरच्या हायराईज कॅमेऱ्यानं त्याला टिपलं. निघाला एक पांढरट गोळा. लगेच विचारायचं, "अब्जावधी डॉलरचा कॅमेरा आणि हे?" इथे भागाकार अजिबात करायचा नाही. केलात तर कळेल की त्या अंतरावरून एका पिक्सेलमध्ये सुमारे ३० किलोमीटर मावतात, आणि हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांनुसार त्याचा गाभा फार तर ५.६ किलोमीटरचा. म्हणजे दिसतो तो भोवतालचा धुरळा. गणित केलं की मजा जाते.

फोटो उशिरा आला? मग तर परग्रहवासीच. अमेरिकी सरकारचं कामकाज निधीअभावी १ ऑक्टोबरपासून १२ नोव्हेंबरपर्यंत बंद होतं आणि फोटो १९ नोव्हेंबरला आले, हा योगायोग समजा. चीनच्या तियानवेन-१ यानानंही तोच धूमकेतू टिपला होता आणि चीननं आपले फोटो त्याआधीच देऊन टाकले होते, हे तर बोलूच नका. अमेरिका आणि चीन यांचं एरवी कशावरही पटत नाही, पण तुम्हाला फसवायचं म्हटलं की दोघे एक होतात.

आता हुकमी एक्का: "हा तर दगड आहे, बर्फ कुठाय?" खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपलनं १९५० मध्ये धूमकेतू बर्फ-धुळीचा असल्याचं मांडलं, आणि फोटोत तर काळा खडक दिसतो. संपला विषय! नाही संपत. रोझेटा यान जवळून जाताना ६७पी त्याला किती ओढतो, ते यानाच्या रेडिओ लहरींतल्या फरकावरून मोजलं. त्यातून वजन निघालं: सुमारे १००० कोटी टन. फोटोंवरून आकारमान निघालं. भागाकार केला की घनमीटरला सुमारे ५३३ किलो. साधा खडक अडीच हजारांच्या पुढे असतो. हा तुमचा 'दगड' पाण्यावर तरंगेल! आत ७० टक्क्यांहून अधिक पोकळी आहे. वर सेंद्रिय धुळीचा थर आहे, म्हणून तो पडलेल्या प्रकाशातला जेमतेम ६ टक्के परत फेकतो आणि कोळशासारखा दिसतो. आत काय आहे? जुलै २०१५ मध्ये अस्वान नावाचा कडा कोसळला आणि आतला बर्फ उघडा पडला, आजूबाजूपेक्षा सहापट उजळ. यानावरच्या उपकरणानं पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, अमोनिया आणि सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड मोजला. खडकातून हे निघतं का हो? दाखवा ना मला असा खडक!

सल्ला देता देता तोल गेला खरा. जाऊ दे, आता सरळच बोलतो.

संस्था काही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. रोझेटाच्या ओसिरिस कॅमेऱ्याच्या चमूनं मोहीम चालू असताना बहुतेक फोटो महिनोन्‌महिने स्वतःजवळ धरून ठेवले, त्यावर लोक चिडले ते रास्तच होतं. 'चित्रकाराची कल्पना' हे शब्द मुंगीच्या अक्षरांत छापणाऱ्यांनाही दोन शब्द सुनवायलाच हवेत. पण तुम्ही ते करत नाही. तुम्ही उत्तर सुरू झालं की पुढचा प्रश्न टाकता. खोटंच बोलायचं असतं तर ६७पी वरच्या पाण्यात जड हायड्रोजनचं प्रमाण आपल्या समुद्राच्या तिप्पट आहे, हे त्यांनी जाहीर कशाला केलं असतं? पृथ्वीवरचं पाणी अशा धूमकेतूंनी आणलं, या लाडक्या कल्पनेलाच त्यानं तडा गेला. आपली गृहीतकं मोडणारे आकडे लबाड माणूस छापत नाही.

आणि ती हिमवर्षावाची फीत अंतराळ संस्थेनं बनवलेलीच नव्हती. एका हौशी माणसानं २०१८ मध्ये सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या संग्रहातून फोटो घेऊन ती जुळवली. तो संग्रह आजही खुला आहे, फुकट आहे. तुम्हाला तो उघडावासा वाटला नाही, कारण त्यात कष्ट आहेत. शिकायला आलेल्या पोरांसमोर 'सगळं खोटं असतं' म्हणायला मात्र काही कष्ट पडत नाहीत. जा, एक फाइल उतरवून घ्या, चूक शोधा, मग बोला. तोवर गप्प बसा.