मावशीला रडायला सांगू नका

आज स्थलांतर, मुळं, घर असल्या विषयावरच्या शॉर्टफिल्म्स बघून आलेय आणि डोकं फिरलंय. सगळ्यांत तेच. कुलूप लावलेलं जुनं घर, दारावरून हात फिरवणारी म्हातारी, मागे सारंगी, मग परदेशातल्या किचनमध्ये कुणीतरी फोडणी घालतंय आणि डोळ्यात पाणी. संपली फिल्म. टाळ्या.

असलं शूटिंग मी समोर उभी राहून बघितलंय म्हणून जास्त राग येतो. अलिबागला आमच्या शेजारी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं, कुटुंब होतं, त्यांची मुलगी, आम्ही मावशीच म्हणतो, साठच्या दशकात आईवडिलांबरोबर इस्रायलला गेली, तिथल्या दिमोना गावी असते. मागे आली होती तेव्हा एक टीम कॅमेरा घेऊन हजर. आजी, दाराला हात लावा ना, जरा इमोशनल व्हा. मावशी म्हणाली, "अरे, घर आमच्या बाबांनीच विकलं, पैसे चोख मोजून घेतले. रडू कशाला?"

आणि मग तिने जे सांगायला घेतलं ना, ते ऐकायला कुणी तयारच नव्हतं. की कोकणात पिढ्यानपिढ्या काढल्या, तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे, पण ज्यू म्हणून इथे कुणी छळलं नाही. आणि जिथे आपलं घर म्हणून गेलो तिथे 1962 मध्ये रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, फतवा काढला की बेने इस्रायलींचं इतर ज्यूंशी लग्न लावायचं तर आधी आईकडच्या पिढ्या तपासा. म्हणजे तुम्ही खरे ज्यू का, हा प्रश्न अलिबागेत नाही, जेरुसलेममध्ये विचारला! मग 1964 मध्ये सगळीकडून लोक जेरुसलेमला जमले, आंदोलन केलं, शेवटी संसदेला सांगावं लागलं की हे सर्वार्थाने ज्यू आहेत. त्याच्याही आधी, पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला, काही जण तेल अवीवला धरणं धरून बसले होते, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून. 1952 मध्ये काही परत आलेसुद्धा, आणि त्यातले कितीतरी पुन्हा तिकडे गेले. आता सांगा, यांचं घर कुठलं? यावर फिल्म करायला हिंमत लागते.

डायरेक्टर म्हणाला, आजी, हे पॉलिटिकल होतंय, बालपणाबद्दल बोला.

फिल्ममध्ये काय ठेवलं? मलिद्याचं ताट! भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं, प्रेषित एलियाहू हनबीचं नाव घेऊन वाटतात तो मलिदा. शॉट सुंदर होता, नाही म्हणत नाही. बारा-पंधरा मिनिटांत सगळं बसत नाही, पैसे नसतात, हेही मान्य. पण ताटाला जागा मिळाली आणि 1964 ला नाही, हे मिनिटांमुळे झालं नाही, त्यांना मावशी बिचारीच हवी होती.

ती बिचारी नाहीये हो. बाजारात पापलेटवाल्या ताईशी अशी भांडते की बघत राहावं, लहानपणीचं मराठी अजून जसंच्या तसं, कुणालाही "काय गो" म्हणून हाक मारते. तिकडे मायबोली नावाचं मराठी नियतकालिक निघतं, बायका अजून मराठीत कीर्तनं करतात. दिमोनाला गेली की तिला इथली आठवण येते आणि इथे आठवडा झाला की तिकडच्या नातवंडांची. यात रडण्यासारखं तिला काही वाटत नाही आणि मला तिचं हेच फार आवडतं.

1964 मध्ये आंदोलनात तरुण असलेली माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांचं बोलणं कुणी नीट रेकॉर्ड करतंय का? इथे फिल्म करणारे मित्रमैत्रिणी असतील तर मला मेसेज करा, मावशी दिवाळीनंतर येतेय, मी गाठ घालून देते. फक्त कॅमेरा लावा आणि तिला बोलू द्या, मध्ये थांबवू नका.