डेटमधला बी

रविवारी रात्री साडेनऊला आमच्या घरी डिक्टेशन बसतं, कारण सोमवारी ते शाळेत असतं आणि आठवण रविवारी रात्री साडेनऊलाच होते. लेक सहावीत, इंग्रजी माध्यमात. मी पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी गिरवलेला. त्यामुळे लिहून घेणारीपेक्षा सांगणाऱ्याची परीक्षा अवघड.

या आठवड्याचा धडा होता सायलेंट लेटर्सचा.

"डेट. कर्जातला," मी म्हणालो. तिने डी-ई-टी लिहून टाकलं.

"बी राहिला."

"तुला ऐकू आला?"

खरं सांगायचं तर हप्ता कापल्याच्या मेसेजचा टिंग सोडला, तर कर्जातलं मला काहीच कधी ऐकू आलेलं नाही. पण 'पाठ कर, प्रश्न विचारू नकोस' हे आमच्या सरांचं उत्तर तिला द्यायला जीभ वळेना. म्हटलं थांब, बघतो. तिथे अर्धा तास गेला.

निघालं ते असं, की हा शब्द फ्रेंचांकडून इंग्रजीत आला तेव्हा त्यात बी नव्हताच. चौदाव्या शतकात चॉसरही बीशिवाय लिहायचा आणि लोक त्याला महाकवी म्हणायचे. पुढे लॅटिन शिकलेल्या मंडळींच्या लक्षात आलं, की मूळ लॅटिन शब्द 'डेबिटम'. घराणं एवढं थोर, मग खूण नको का दिसायला? बसवला बी. पावतीच्या रिसीटमधला पीसुद्धा असाच लॅटिनच्या पुण्याईने आलेला. पैशाचा व्यवहार म्हटला की इंग्रजीत एक तोंड न उघडणारा साक्षीदार लागतोच.

बेटाच्या आयलंडची गोष्ट तर याहून वाईट. तो अस्सल जुना इंग्रजी शब्द, त्याचा लॅटिनशी काडीचा संबंध नाही. पण शेजारच्या, बेटाच्याच अर्थाच्या 'आइल'मध्ये एस दिसला आणि सोळाव्या शतकाच्या सुमारास यालाही तो चिकटवून दिला. आडनाव जुळतंय म्हणून परक्याचं नाव सातबाऱ्यावर चढवावं, तसं. नाइटमधला के मात्र बिचारा हक्काचा. एके काळी तो शब्द साधारण 'क्निख्ट' असा, घसा खाकरून म्हणायचे आणि अर्थ होता पोरगा, नोकर. थोडक्यात, गडी. गड्याचा सरदार झाला, के तसाच दारात उभा राहिला.

कोपऱ्यात आप्पा पेपर वाचत होते. वाचत होते म्हणजे ऐकत होते.

"चांगलं केलं त्यांनी," ते म्हणाले. "मूळ दिसलं पाहिजे."

आप्पा अजूनही 'नांव' लिहितात. १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, पण ते आप्पांना विचारून गेले नाहीत. "तो नाममधल्या म चा आहे," असं त्यांनी मला पन्नास वेळा तरी सांगितलंय. म्हणजे सोळाव्या शतकातल्या त्या लॅटिनवाल्यांपैकी एक आमच्याच घरात रोज दोन वेळा चहा पितो. फरक एवढाच, की आपल्याकडे टिंब काढायला साहित्य महामंडळ होतं. इंग्रजीला असं मंडळच नाही. अमेरिकेत वेबस्टरने १८२८ च्या कोशात कलरमधला यू काढला, लंडनवाल्यांनी ढुंकून पाहिलं नाही.

सोमवारी लेकीने आयलंड एसशिवाय लिहिला. लाल फुली. "पण बाबा म्हणाले, आधी एस नव्हता," असं तिने मॅडमना सांगितलं. मॅडमनी डायरीत शेरा दिला, त्यात पालकांनी घरी योग्य मार्गदर्शन करावं अशी विनंती होती आणि खाली 'नाइस हँडरायटिंग' होतं. नाइसचा अर्थ पूर्वी मूर्ख असा होता, हे मला आदल्याच रात्री कळलेलं. ते मी घरात कुणालाही सांगितलं नाही.

शेऱ्याखाली सही हवी होती. गेल्याच महिन्यात बँकेने माझी सही जुळत नाही म्हणून चेक परत केलेला, त्यामुळे पेन हातात घेतलं की हल्ली घाम फुटतो. शेक्सपिअरच्या सहा सह्या शिल्लक आहेत, त्यांतलं स्पेलिंग एकसारखं नाही आणि आज आपण लिहितो ते तर एकीतही नाही. त्याचं खातं आमच्या शाखेत नव्हतं, हे त्याचं नशीब.

केली सही. लेकीने डायरी उलटी-सुलटी करून पाहिली.

"बाबा, मागच्या वेळी शेवटी एक ए जास्त होता."

"तो सायलेंट आहे," मी म्हणालो.