स्वॅब बाईच्या हातात द्यावा का? – एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमचं म्हणणं असं, की बाईने स्वॅबने (टोकाला बोळा असलेल्या काडीने) स्वतः नमुना घेणं म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी उरकून टाकणं; त्यापेक्षा गावात शिबिर लावून व्हीआयए (ॲसिटिक ॲसिड लावून गर्भाशयमुख नुसत्या डोळ्यांनी बघणं) करावी, निकाल जागीच मिळतो.

जागच्या जागी निकाल ही व्हीआयएची मोठी जमेची बाजू, वादच नाही. पण ती सगळी बघणाऱ्याच्या डोळ्यावर चालते. ॲसिटिक ॲसिडचं ३ ते ५ टक्के द्रावण लावून पूर्ण मिनिटभर थांबायचं असतं. बाहेर रांग वाढली की हे मिनिट आकसतं आणि बिघडलेल्या जागी पांढरा डाग उमटायच्या आत ‘नॉर्मल’ लिहून होतं. साध्या सुजेनेही पांढरं दिसतं. पाळी गेलेल्या बाईत तर बघायची जागाच आत सरकलेली असते. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांच्या अभ्यासात (प्रसिद्धी २००९) एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एकदाच केलेल्या व्हीआयएने तसा ठोस फरक दिसला नाही. तिथे नमुने प्रशिक्षित सेविकांनी घेतले होते, हेही सांगायला हवं.

स्वतः घेतलेला नमुना पीसीआर पद्धतीच्या (विषाणूचा अंश अनेकपट वाढवून शोधणाऱ्या) एचपीव्ही चाचणीला चालतो, कारण विषाणू योनीतल्या स्रावातही सापडतो. पॅपला (पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या तपासणीला) चालत नाही. तिथे गर्भाशयमुखावरच्याच पेशी लागतात. उकिडवं बसून स्वॅब किटवरच्या खुणेपर्यंत हळूच आत न्यायचा, सांगितलेले सेकंद फिरवायचा, टोकाला हात न लावता नळीत टाकायचा. पाळीच्या दिवसांत नको. हे बहुतेकींना जमतं. घोळ होतो तो लेबलात: एकाच नावाच्या दोघी, आणि नोंदवलेला फोन घरातल्या भलत्याच माणसाचा. नळी हातात देण्याआधीच तिच्यावर आणि रजिस्टरवर एकच क्रमांक चिकटवा. निकाल कुणाच्या फोनवर, कोणत्या शब्दांत सांगायचा ते तिलाच विचारा.

खरी गळती निकालानंतर होते. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, पण पुढे बघावंच लागतं. म्हणून उपचाराचा दिवस ठरल्याशिवाय स्वॅब वाटू नयेत. तुमची व्हीआयए इथे कामाला येते: शंभरजणींऐवजी पॉझिटिव्ह आलेल्या मोजक्याच तपासायच्या असल्याने ते मिनिट पुरेपूर मिळतं. डाग पूर्ण दिसत असेल, आत शिरलेला नसेल आणि कॅन्सरची शंका नसेल, तर थर्मल अब्लेशन (डाग उष्णतेने जाळणं) त्याच भेटीत होतं: किमान १०० अंश सेल्सिअस, २० ते ३० सेकंद, बॅटरीवरचं यंत्र. बाकीच्यांना कॉल्पोस्कोपीसाठी (भिंगातून गर्भाशयमुख बारकाईने बघण्यासाठी) पाठवायचं. उपचार झालेलीची वर्षभराने फेरतपासणी. ती तारीखही त्याच दिवशी रजिस्टरात लिहा.

आणि संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त जात असेल, तर त्या बाईला स्वॅब देऊन थांबवू नका. तिला थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवा.