श्रीलंकेतली पौर्णिमा टाळू नका

श्रीलंकेला निघालेल्यांना व्हॉट्सॲपवर हमखास येणारा एक मजकूर आहे: तिथलं जेवण म्हणजे दक्षिण भारतीयच, शाकाहाऱ्यांनी निर्धास्त जावं, अरक ही तिथली माडीपासून काढलेली दारू म्हणजे हातभट्टी, रात्री तिथे काही नसतं, आणि पौर्णिमा टाळा, सगळं बंद असतं. यातलं एकही विधान जसंच्या तसं खरं नाही. पहिलं तर शाकाहाऱ्यांना गोत्यात आणणारं आहे.

पोळ सांबोल दिसायला ओल्या खोबऱ्याची चटणी. खोबरं, लाल तिखट, कांदा, लिंबू. पण त्यात बहुतेक वेळा ‘उम्बलकड’ असते, म्हणजे वाळवून लाकडासारख्या कडक केलेल्या ट्यूनाचा चुरा. नारळाच्या दुधातल्या मसूर डाळीतही, म्हणजे परिप्पूतही, ती कधी कधी पडते. म्हणून ‘मांस नको’ एवढ्यावर थांबू नका, उम्बलकड नको असं नाव घेऊन सांगा. मासे खाणाऱ्यांनी अंबुल थियल चुकवू नये. ट्यूनाचे तुकडे मिरी आणि गोरका लावून कोरडे होईपर्यंत आटवतात. गोरका कोकमाच्याच कुळातला, त्यामुळे कोकणातल्या जिभेला तो आंबटपणा लगेच ओळखू येतो. आणि लँपराइस? भात, कालवणं, खिम्याचे गोळे केळीच्या पानात बांधून भाजायचे, ही डच बर्गरांच्या, म्हणजे तिथे स्थायिक झालेल्या डचांच्या वंशजांच्या, घरांची देणगी. याला दक्षिण भारतीय कसं म्हणायचं?

अरकाबद्दलचं विधान मला सर्वात जास्त खटकतं, कारण त्यात माडावर चढणाऱ्यांच्या कसबाचा अपमान आहे. नैर्ऋत्य किनाऱ्यावर काथ्याच्या दोरांवरून या माडावरून त्या माडावर जात ही माणसं पोयीतून, म्हणजे माडाच्या फुलोऱ्यातून, माडी काढतात. ती आंबते, तिचं ऊर्ध्वपातन होतं, मग चांगला अरक लाकडी पिंपांत मुरतो. हातभट्टीला तिथे ‘कसिप्पू’ म्हणतात. ती बेकायदा आहे, तिच्या वाटेला जाऊ नका. मात्र प्रत्येक बाटलीत निव्वळ नारळाचाच अरक नसतो, लेबल वाचून घ्या.

रात्रीचे क्लब कमी आहेत, हे मान्य. पण कोलंबोत गॉल फेस या समुद्रकाठच्या मैदानावर संध्याकाळी कोळंबी खोचलेले इस्सो वडे तळले जातात, आणि तापल्या तव्यावर कोत्तू रोटी तोडणाऱ्या पात्यांचा ठेका रस्त्यावर दुरून ऐकू येतो. किनाऱ्यावरची रात्र पावसाप्रमाणे जागा बदलते: नोव्हेंबर ते एप्रिल नैर्ऋत्येला हिक्कडुवा, उनवटुना, मे ते सप्टेंबर पूर्वेला अरुगम बे. जूनमध्ये हिक्कडुवाला गेलेल्याला सगळं सुनं वाटणारच.

राहिली पौर्णिमा. तिला तिथे ‘पोया’ म्हणतात. पोयाच्या दिवशी दारूविक्री बंद असते, हे खरं. जेवण मिळतं. आणि मे महिन्यातल्या वेसाक पोयाला, म्हणजे बुद्धपौर्णिमेला, तर रस्तोरस्ती कागदी कंदील लागतात, बुद्धकथांच्या चित्रांनी सजवलेल्या उंच दिव्यांच्या कमानी उभ्या राहतात आणि ठिकठिकाणी ‘दन्सल’ मांडतात. भात, उकडलेला कसावा, सरबत, आइस्क्रीम, येईल त्याला फुकट. धर्म नाही, देश नाही, कुणी काही विचारत नाही. रांगेत उभं राहायचं, एवढंच.