संच पूर्ण करावा, वाचू नये

एनिड ब्लायटन या इंग्रज बालसाहित्यिकेची पुस्तकं जमवायचं मनात आलं असेल, तर लहानपणी ती कशी पालथं पडून वाचली होती वगैरे आधी विसरा. आवड असलेला माणूस या धंद्यात हमखास बुडतो. कुणी विचारलं, एवढ्या मोठ्या वयात पोरांची पुस्तकं कशाला, तर 'गुंतवणूक' म्हणा. हा शब्द ऐकला की समोरचा आदराने गप्प बसतो.

आता व्याप्ती पाहू. बाईंनी थोडंथोडकं लिहिलेलं नाही. १९२२ साली 'चाइल्ड व्हिस्पर्स' ही कवितांची चोपडी निघाली आणि मग थांबणं नाहीच. 'फेमस फाइव्ह' या साहसकथांच्या मालिकेची २१, 'सीक्रेट सेव्हन'ची १५, नॉडी या लाकडी बाहुल्याची २४ ही नुसती तोंडओळख. एकूण आकडा सातशेच्या घरात जातो. त्यातून 'मेरी पोलॉक' या टोपणनावानेही त्यांनी पुस्तकं काढली. म्हणजे ब्लायटनचा संच पुरा करायला तुम्हाला जिच्यावर ब्लायटनचं नाव नाही अशी प्रतही शोधावी लागणार. घरच्यांना हे समजावण्याच्या भानगडीत पडू नका.

खरेदीला निघालात की पुस्तकाकडे बघायचं नाही, जॅकेटकडे बघायचं. 'फाइव्ह ऑन अ ट्रेझर आयलंड'ची १९४२ची पहिली आवृत्ती नुसती मिळाली तर ठीक, पण वरचं कागदी जॅकेट शाबूत असेल तर किंमत कुठल्या कुठे जाते. मुलं सगळ्यात आधी जॅकेटच फाडतात, त्यामुळे ते दुर्मिळ. आता जरा डोकं लढवा. बाहेर युद्ध चालू, कागदावर रेशन, अशा दिवसांत कुणीतरी खटपट करून एका पोराला हे पुस्तक आणून दिलं आणि ऐंशी वर्षांनंतर ते तुमच्या हाती कोरं करकरीत आलं. याचा अर्थ सरळ आहे: त्या पोराला ते अजिबात आवडलं नाही. त्या नावडीचेच तुम्ही पैसे मोजताय, तेव्हा खुशीने मोजा.

जॅकेटच्या आतल्या घडीचा कोपरा जरूर तपासा. तिथे किंमत छापलेली असते आणि भेट देणारी सभ्य माणसं ती कात्रीने अलगद कापून टाकत. कुण्या मावशीच्या या सभ्यपणापायी आज प्रतीचा भाव उतरतो. मग पहिलं कोरं पान उघडा. तिथे शिसपेन्सिलीने मुलाचं नाव, खाली वर्ग, खाली गल्ली, गाव, देश, पृथ्वी आणि शेवटी 'विश्व' असा पत्ता सापडला, तर भाव आणखी पाडून मागा. हेच पान लेखिकेच्या पेनाने खराब झालं असेल तर मात्र तोंडातून चकार शब्द न काढता पैसे टाका. फक्त एक सांभाळा: खाली दोन रेघा ओढलेली ती लफ्फेदार सही मुखपृष्ठावर छापलेलीच असते. 'लेखिकेच्या सहीची प्रत' म्हणून तीच गळ्यात मारणारे महाभाग आहेत.

विक्रेत्यांची परिभाषाही पाठ करा. 'फाइन' म्हणजे चांगली. 'व्हेरी गुड' म्हणजे बरी. 'गुड' म्हणजे वाईट. आणि या उतरंडीच्या तळाशी, पार रद्दीला टेकलेली प्रत असते तिला म्हणतात 'रीडिंग कॉपी'. वाचण्यापलीकडे जिचा काही उपयोग नाही, अशी. संग्राहकाच्या घरात अशी प्रत निघणं ही नाचक्की आहे. पाहुण्यांच्या नजरेस पडण्याआधी ती एखाद्या पोराला देऊन टाका.

आता जरा अवघड भाग. बाईंचा मजकूर पुढच्या आवृत्त्यांत प्रकाशकांनी बदलत नेला. जादूच्या झाडाच्या गोष्टीतली फॅनी पुढे फ्रॅनी झाली, डिकचा रिक झाला, मुलांना चापट्या मारणाऱ्या डेम स्लॅपची डेम स्नॅप झाली; आता ती नुसतीच खेकसते. नॉडीची गाडी पळवणारे गॉलिवॉग, म्हणजे काळ्या तोंडाचे चिंध्यांचे बाहुले, जाऊन तिथे गॉब्लिन ही भुतावळ आली. हा बदल कृष्णवर्णीयांची टिंगल थांबवण्यासाठी होता आणि तो व्हायलाच हवा होता, पण तुम्ही त्यात पडू नका. तुमच्या दृष्टीने त्याचा अर्थ इतकाच की दोन्ही प्रती घ्यायच्या. २०१० साली 'फेमस फाइव्ह'ची भाषा आजच्या मुलांसाठी सोपी केली आणि २०१६मध्ये, प्रयोग फसला म्हणून, पुन्हा मूळ भाषा आणली. म्हणजे आणखी एक संच. कुठल्या आवृत्तीत काय बदललं ते ओळखायला पुस्तक वाचावं लागेल ही शंका रास्त आहे. त्यासाठी याद्या मिळतात. याद्या वाचा. प्रत उघडायचीच वेळ आली तर काटकोनापलीकडे उघडू नका, कणा मोडतो.

'फेमस फाइव्ह'ची २१ पुरी झाली म्हणून हुश्श करू नका. १९६८ साली बाई गेल्या, पण ते पाच जण रिकामे बसले नाहीत. क्लोद व्हॉइलिए या फ्रेंच लेखिकेने त्यांना पुन्हा कामाला लावलं आणि त्या गोष्टी पुढे इंग्रजीतही आल्या. अस्सल ब्लायटनभक्त त्यांना नाकं मुरडतात. तुम्हीही मुरडा आणि घेऊन ठेवा, फळीवर जागा आहे तोवर.

इतकं करूनही संच अपुराच राहणार. बाईंच्या कागदपत्रांचा एक गठ्ठा २०१० साली लिलावात निघाला, तो न्यूकॅसलच्या 'सेव्हन स्टोरीज' या बालसाहित्याच्या संग्रहालयाने घेतला. त्यात 'मिस्टर टम्पीज कॅरॅव्हॅन' नावाच्या कादंबरीचं टंकलिखित निघालं, कधीच न छापलेलं. ते विकत मिळणार नाही. फार जीव तुटत असेल तर संग्रहालयात एक चक्कर मारून या, पण सुट्टीच्या दिवशी जाऊ नका. तिथे मुलं पुस्तकं हातात घेऊन वाचत बसलेली असतात, आणि कुणी त्यांना रागावतही नाही.