ते मांजर सोलापूरच्या विमानात नव्हतं बे, फॉरवर्ड करायच्या आधी जरा वाचा

परवा सकाळी सात वाजता आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या गुलाबाच्या पाठोपाठ एक व्हिडिओ पडला. छोटं विमान हवेत आहे, पंखाच्या आतून एक मांजर डोकं काढतंय, वाऱ्यानं पार गांगरलंय, आणि पायलट त्याच्याकडं बघतोय. खाली मजकूर असा:

"सोलापूर विमानतळ होटगी रोड. मागच्या आठवड्यातली घटना. मांजर विमानाच्या पंखाला बाहेरून नखं रोवून 10,000 फूट वर गेलं. पायलटनं व्ह्यूजसाठी मुद्दाम नेलं. शास्त्रज्ञ सांगतात मांजर कितीही उंचावरून पडलं तरी मरत नाही. मांजर आडवं जातं म्हणूनच सोलापूरचं विमान इतकी वर्षं रखडलं होतं. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

संध्याकाळपर्यंत हेच मला गॅरेजवाल्यांच्या ग्रुपवर आलं, मेहुण्याकडून आलं आणि अक्कलकोटच्या मावशीकडूनही आलं. मावशीनं वर "सांभाळून राहा" असं पण लिहिलं होतं, कशापासून ते काय कळलं नाही. माझं विजापूर रोडला फोर व्हीलरचं छोटं गॅरेज आहे, विमानाचा मी काय इंजिनियर नाही, पण इंजिन आणि मांजर या दोन गोष्टी रोज हाताखालून जातात आणि हा व्हिडिओ मी दहा वर्षांपूर्वीच बघितलेला होता, म्हणून एकदाच बसून लिहितो, पुढच्या वेळी कुणी पाठवलं की हेच चिकटवीन.

पहिलं, होटगी रोड. नाही. हा व्हिडिओ जून 2015 चा आहे आणि जागा आहे कुरू, फ्रेंच गयाना. दक्षिण अमेरिकेत ब्राझीलच्या डोक्यावर एक तुकडा आहे जो आजपण फ्रान्सचा आहे, तिथलं हे गाव. नाव ऐकल्यासारखं वाटत असेल तर बरोबर आहे, आपल्या इस्रोचे बरेच जीसॅट उपग्रह तिथूनच एरियान रॉकेटवर बसून गेलेत. तिथल्या हौशी पायलट लोकांच्या क्लबचं हे विमान, दोन सिटांचं अल्ट्रालाइट. आपल्या होटगी रोडला 9 जून 2025 ला गोव्याची सेवा सुरू झाली ती एटीआर 72 ची, त्याच्यात आणि ह्याच्यात एसटी आणि लुना एवढा फरक आहे. विमान बघूनच कळायला पाहिजे होतं खरं तर, पण मांजर दिसलं की माणूस विमान बघत नाही.

ग्रुपवरच्या पोरांनी लगेच उलटा सूर लावला, की काका हे एआय आहे, सगळं बनावट. ते पण चूक. 2015 ला असला व्हिडिओ बनवून देणारं एआय कुणाच्या मोबाईलमध्ये होतं? व्हिडिओ खरा आहे, मजकूर खोटा आहे. या दोन गोष्टी एकाच फॉरवर्डमध्ये सुखानं नांदतात.

आता 10,000 फूट. हा आकडा कुठनं आला देव जाणे, बहुतेक गोल दिसतो म्हणून. आपलं कळसूबाई 5,400 फूट, म्हणजे जवळजवळ दोन कळसूबाई एकावर एक. मिनिटाला हजार फूट चढलं तरी छोट्या विमानाला तिथवर जायला दहा मिनिटं लागतात, आणि इथं तर उडाल्यावर थोड्याच वेळात मांजर दिसलं, पायलटनं विमान वळवलं आणि उतरवलं. व्हिडिओत खालची जमीन चांगली जवळ दिसते की. एक जण म्हणाला एवढ्या वर मांजर गारठून मेलं असतं म्हणून खोटं आहे, तर ते पण तितकंसं खरं नाही. दर हजार फुटाला साधारण दोन डिग्री उतरतं, सोलापुरात 42 असताना दहा हजारावर वीस-पंचवीसच्या आसपास असेल, म्हणजे उलट मजा. गारठून मरतात ते मोठ्या जेटच्या चाकांच्या कप्प्यात लपणारे लोक, तिथं 35,000 फुटावर उणे पन्नासच्या घरात जातं आणि श्वासाला हवा पण पुरत नाही.

"बाहेरून नखं रोवून" हे वाचून मात्र मी गॅरेजमध्ये एकटाच हसलो. पत्र्यात नखं रोवतात होय? गुळगुळीत पत्र्यावर मांजर नुसतं घसरतं, पार्किंगमधल्या कुठल्याही गाडीच्या बोनेटवर बघा, पावलांचे ठसे कमी आणि घसरल्याचे ओरखडे जास्त. खरी गोष्ट अशी, की विमानाचा पंख भरीव नसतो. आत स्पार म्हणजे लांबलचक मुख्य दांडा असतो, त्याला आडव्या रिब्स म्हणजे फासळ्या, वरून पत्रा, आणि मधली सगळी जागा पोकळ. कंट्रोल जायला भोकं ठेवलेली असतात. हँगरमध्ये उभ्या विमानात असली काळोखी, आडोशाची, कुणी त्रास न देणारी जागा म्हणजे मांजराला सासरहून माहेरी आल्यासारखं. तर ते आत होतं. झोपलं असणार. मग इंजिन सुरू झालं, सगळं थरथरायला लागलं, वारा घुसला, तेव्हा ते पुढं सरकत सरकत पंखाच्या मुळाशी, केबिनजवळ आलं आणि खाली बघतं तर जमीन गायब.

हे मला लगेच पटलं कारण आमच्याकडं थंडीत महिन्यातून एकदा तरी हेच होतं. रात्री गाडी बंद केली की इंजिन तासभर गरम राहतं, मांजर खालून चढून बॅटरीच्या बाजूला नाहीतर फॅन बेल्टजवळ जाऊन पडतं. एक गिऱ्हाईक आसरा चौकातून माझ्यापर्यंत आलं, म्हणे गाडीतून म्याव म्याव आवाज येतोय, बेल्ट बदला. बेल्ट कधी म्याव करत नाही हो. बोनेट उघडलं तर एअर फिल्टरच्या डब्यावर हे एवढंसं पिल्लू, ग्रीसनं काळं झालेलं, माझ्याकडं असं बघत होतं जसं बिल मीच देणारे. ते वाचलं, सगळी वाचत नाहीत, बेल्टात सापडलेली पण मी काढलीत आणि त्याचं वर्णन इथं करत नाही.

मुद्दा पायलटनं मुद्दाम नेल्याचा. पायलटनं त्या वेळीच सांगितलं होतं की उड्डाणाआधीच्या तपासणीत माझ्याकडून सुटलं का तपासणीनंतर ते आत घुसलं हे मला अजून कळलेलं नाही. हे मला प्रामाणिक वाटतं. तपासणीत विमानाभोवती फेरी मारून इंधन, ऑइल, पंखांच्या मागच्या हलत्या फळ्या, हवेचा वेग मोजायची नळी हे सगळं बघतात. त्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते म्हणून तिला टोपण घालून ठेवतात, एवढ्या बारीक गोष्टी बघतात, पण पंखाच्या पोटात कोण झोपलंय हे बाहेरून कसं दिसणार.

आणि मुद्दाम नेण्यात पायलटचाच जीव जातो ना. मांजराचं वजन तीन-चार किलो, असल्या विमानाचं भरलेलं वजन साडेचारशेपर्यंत, वजनानं काही बिघडत नाही. पण पंखातूनच कंट्रोलचे दांडे जातात, घाबरलेलं मांजर तिथं अडकलं तर पंखाची फळी हलायचीच थांबेल. अशा ठिकाणी व्ह्यूजसाठी कुणी मांजर कोंबत नाही. त्यानं काय केलं बघा, ना आरडाओरडा, ना हात घालून ओढायला गेला, हळूच वळला, हळूच उतरला.

मांजर मुद्दाम वर नेल्याची गोष्ट हवीच असेल तर ती खरीखुरी आहे की, आणि ती जास्त वाईट आहे. 18 ऑक्टोबर 1963 ला फ्रान्सनं फेलिसेट नावाची मांजरी वेरोनिक रॉकेटमधून अल्जेरियातल्या तळावरून दीडशे किलोमीटरच्या वर पाठवली. डोक्यात इलेक्ट्रोड बसवून. जिवंत परत आली, आणि दोन महिन्यांनी मेंदू तपासायला मारली. पुढं फ्रान्सनं अल्जेरियातला तळ सोडला आणि नवा तळ केला तो कुठं? कुरूला. तिथून 1968 ला पहिलं उडालं ते पण वेरोनिकच. म्हणजे गावाचा आणि मांजराचा असा संबंध आहे, आमचा फॉरवर्ड करणारा बसलाय होटगी रोड धरून.

आणि हवेत गेलेलं आणखी एक मांजर हवं असेल तर 1910 चं घ्या. अमेरिका नावाचं हवाई जहाज, म्हणजे गॅसच्या मोठ्या फुग्याखाली लटकणारं, अटलांटिक ओलांडायला निघालं, आत किडो नावाचं मांजर, वर गेल्यावर त्यानं इतका धिंगाणा घातला की वायरलेसवरून खाली निरोप गेला, या मांजराला घेऊन जा. हवेतून जमिनीवर गेलेल्या अगदी सुरुवातीच्या निरोपांपैकी हा एक. पिशवीत घालून खाली होडीत सोडायचा प्रयत्न झाला, समुद्र खवळलेला म्हणून जमलं नाही, मग बसलं गुमान. शेवटी इंजिनं दगावली, जहाज सोडावं लागलं, माणसं आणि मांजर सगळी एका बोटीनं उचलली.

आता जो मुद्दा वाचून मी खरं तर लिहायला बसलो तो. "मांजर कितीही उंचावरून पडलं तरी मरत नाही, शास्त्रज्ञ सांगतात." असं कुणी सांगितलेलं नाही. हे 1987 च्या न्यूयॉर्कच्या एका अभ्यासाचं चिपाड आहे. तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात उंच इमारतींवरून पडलेली 132 मांजरं आली, सरासरी साडेपाच मजल्यांवरून पडलेली, त्यातली 90 टक्के वाचली. एवढंच लोकांनी उचललं. पण ती दवाखान्यात आणलेली मांजरं होती हो! जे फुटपाथवर जागीच गेलं त्याला कोण रिक्षात घालून डॉक्टरकडं नेणार? ते मोजणीतच नाही. आणि वाचलेल्यांची अवस्था बघा, बहुतेकांच्या छातीला मार, कित्येकांचा जबडा फुटलेला, पाय मोडलेले, आणि साधारण तिघांत एकाला तातडीचे उपचार मिळाले म्हणून ते जगलं.

मांजर हवेत वळून पाय खाली करतं हे शंभर टक्के खरं. मारे नावाच्या फ्रेंच माणसानं 1894 ला त्याचे एकामागोमाग फोटोच काढले होते. पाठीचा कणा इतका लवचिक, की पुढचं अंग एकीकडं आणि मागचं दुसरीकडं वळवता येतं. पाय पसरले की हवेचा अडथळा वाढतो, त्यामुळं पडण्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास जाऊन थांबतो, माणसाचा दोनशेकडं जातो. पण ताशी शंभरनं डांबरावर आपटणं म्हणजे काही गादीवर पडणं नव्हे, पुणे हायवेला त्या वेगात गाडी ठोकलेली माझ्याकडं येते, मला माहितीय शंभर म्हणजे काय.

आमच्याच बिल्डिंगमधलं मांजर, जुळे सोलापूर, तिसरा मजला. कबुतराच्या मागं गेलं आणि गॅलरीतून खाली. चार पायांवरच पडलं, सगळे म्हणाले बघा म्हटलं नव्हतं का, मांजराला काय होत नसतं, घरच्यांनी दूध ठेवलं आणि विषय संपवला. दोन दिवस ते पिईना. जबडा मधोमध फुटला होता, तोंड मिटत नव्हतं, आणि ते मुकाट्यानं कॉटखाली बसून होतं. मांजर दुखलं तर ओरडत नाही, कोपरा धरतं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरनं तार घालून बांधलं तेव्हा वाचलं. ते दोन दिवस याच एका वाक्यापायी गेले. म्हणून राग येतो. गॅलरीला साधी जाळी मारा, आणि पडलंच तर चालतंय म्हणून सोडू नका, त्याच दिवशी न्या.

राहिलं मांजर आडवं गेल्याचं. अहो, सोलापूरच्या विमानाला मांजर नाही, चिमणी आडवी आली होती! सिद्धेश्वर साखर कारखान्याची, विमानाच्या वाटेत येणारं उंच धुराडं. किती वर्षं कोर्ट, मोर्चे, पाडा आणि पाडू नका, शेवटी 15 जून 2023 ला पाडली, अख्ख्या गावानं मोबाईल वर करून बघितली. मग 29 सप्टेंबर 2024 ला सुधारलेल्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि पुढच्या जूनमध्ये विमान. पाडायला पाहिजे होती का नव्हती यावर माझ्याच गॅरेजमध्ये ऊसवाला आणि व्यापारी गिऱ्हाईक भांडलेत, त्यात मी पडत नाही. पण बिचाऱ्या मांजराचा यात काय संबंध.

कुरूचं ते मांजर उतरल्यावर ठणठणीत होतं आणि क्लबचं लाडकं म्हणून तिथंच राहिलं. एवढं होऊन त्यानं हँगर सोडलं नाही, याचं मला अजिबात नवल वाटत नाही. आमच्या गॅरेजची मांजरी बिजली एकदा सात रस्त्यापर्यंत सँट्रोच्या बोनेटखाली बसून गेली होती, सिग्नलला उतरली, दुसऱ्या दिवशी चालत परत आली आणि पुन्हा इंजिनवरच झोपली. तेव्हापासून सेल्फ मारायच्या आधी बोनेटवर दोन थापा हा आमच्याकडचा नियम आहे, नवीन पोराला पाना धरायच्या आधी तेच शिकवतो. आत्ता हे लिहिताना ती एका वॅगनआरमध्ये बसलीय. गिऱ्हाईक पाचला येणारे, तोवर बसू दे.