फुलांच्या चित्रफिती, ओळखीची गाणी आणि कॉपीराइट : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘अमळनेरचा एक जुना वाचक’ या नावाने आपण लिहिलेली सविस्तर प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. आपले आक्षेप असे: सातपुड्यातील पळस आणि बहाव्याच्या माझ्या चित्रफितींना बासरीची ‘रडकी’ साथ दिल्यामुळे त्या सुन्या वाटतात. लोकांना ओळखीचे गाणे हवे असते. सगळेच लावतात, कमाई कोणी करत नाही, खाली श्रेय दिले आणि वीस सेकंदांचाच तुकडा घेतला की कायद्याची भीती उरत नाही. बहिणाबाईंची गाणी तर आपल्या घरचीच आहेत. आणि फुले निसर्गाची असताना छायाचित्रांवर मी माझे नाव का घालतो? त्यांतील बासरीविषयीचा आक्षेप अभिरुचीचा आहे, बाकीचे कायद्याचे आहेत. म्हणून आधी कायद्याकडे वळतो.

वीस किंवा तीस सेकंद चालतात, असा नियम १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यात कोठेही नाही. कलम ५२ मध्ये ज्या सवलती आहेत त्या वापराच्या हेतूवर बेतलेल्या आहेत: खाजगी वापर, समीक्षा, चालू घडामोडींचे वृत्त, इत्यादी. आपण वरातीचा दाखला दिला आहे. तोही याच कलमात बसतो, कारण लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभ यांत गाणे वाजवण्याला तेथे स्पष्ट सूट आहे. मात्र ती सूट त्या समारंभापुरती आहे. त्याच गाण्यावर फुलांची चित्रे चढवून ती साऱ्या जगासाठी प्रसिद्ध करण्याला ती लागू होत नाही. घरच्या दूरचित्रवाणी संचावर पाहुण्यांना दाखवण्यासाठी आपण कोणत्याही गाण्यावर चित्रे लावलीत, तर माझी काहीच हरकत नाही. माझा सारा आग्रह प्रसिद्धीपुरता आहे. श्रेय देणे हे सौजन्य झाले, पण त्याने परवानगीची जागा भरून निघत नाही. कमाई न करण्याचेही तसेच.

आपल्या भाच्याने चित्रपटगीत लावले आणि त्याला काहीच झाले नाही, असे आपण लिहिता. ते खरे असणार. यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ नावाची यंत्रणा ध्वनी आपोआप ओळखते आणि गाण्याच्या मालकाला तीन वाटा देते: चित्रफीत रोखणे, तिच्यावरील जाहिरातींचे पैसे स्वतःकडे वळवणे, किंवा नुसती नोंद ठेवणे. बहुतेक कंपन्या दुसरी वाट पत्करतात, म्हणून चित्रफीत दिसत राहते. परंतु तेथे मालकाची त्या वेळची मर्जी असते, आपला हक्क नसतो, आणि ती मर्जी उद्या बदलू शकते. चित्रफीत काढून टाकण्याची रीतसर मागणी आली तर ‘स्ट्राइक’, म्हणजे चॅनलविरुद्ध नियमभंगाची नोंद, लागतो, आणि ९० दिवसांत असे तीन लागले की संपूर्ण चॅनल बंद होण्याची वेळ येते. ज्याच्याकडे कित्येक हंगामांची छायाचित्रे साठलेली आहेत, त्याने एवढ्या हौसेपायी ती पणाला का लावावीत?

बहिणाबाईंचा मुद्दा मात्र मला फार मोलाचा वाटतो, कारण एका गाण्यात किती जणांचे हक्क असतात ते त्यावरून नीट उलगडते. आसोद्याच्या या कवयित्रीचे निधन १९५१ साली झाले आणि त्यांच्या कविता १९५२ साली पुस्तकरूपाने आल्या. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या साहित्याचा हक्क प्रकाशनवर्षाच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. त्या हिशेबाने तो २०१२ अखेर संपला. म्हणजे त्या संग्रहातील शब्द आज सर्वांचे आहेत. पण आपल्या कानात जे आहे ते नुसते शब्द नाहीत. त्यांना कोणा संगीतकाराने चाल लावली आहे, आणि चालीचा हक्क त्या संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. त्यावर कोणी गायले आहे, आणि गायकाचा कलावंत म्हणून स्वतंत्र हक्क आहे. ते कोणी ध्वनिमुद्रित करून प्रसिद्ध केले आहे, आणि त्या मुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षे चालतो. आपण जी ध्वनिफीत सुचवली आहे ती अलीकडची आहे, त्यामुळे तिच्यातील शब्द वगळता काहीही मला मोकळेपणाने घेता येणार नाही. तुकोबांच्या अभंगालाही हेच लागू आहे, आणि १७४१ मध्ये वारलेल्या विवाल्डीच्या रचनेलाही: रचना खुली, पण एखाद्या वाद्यवृंदाने केलेले तिचे नवे मुद्रण बंदिस्त.

‘मग इंटरनेटवरचे फुकट संगीत घ्या,’ असेही आपण सुचवले आहे. यूट्यूबच्या स्वतःच्या संग्रहातील संगीत त्याच्या अटी पाळून वापरता येते आणि मी ते कधीकधी वापरतोही, पण त्यातील बरेचसे मला हॉटेलच्या लिफ्टमध्ये शोभेल असे वाटते. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यांच्या (निर्माता आपली कृती ठरावीक अटींवर सर्वांना विनामूल्य वापरू देतो, अशा तयार परवान्यांच्या) बाबतीत एक बारकावा सहसा कोणी वाचत नाही. संगीत हलत्या चित्रांशी वेळ जुळवून जोडले की त्या परवान्यांच्या भाषेत ते रूपांतर ठरते. त्यामुळे ज्या संगीतावर ‘रूपांतर नको’ अशी अट आहे, ते फुकट असूनही फुलांच्या चित्रफितीला लावून प्रसिद्ध करता येत नाही.

राहिली ती वाट मी धरली आहे. ती बासरी आमच्याच तालुक्यातील एका तरुण वादकाची आहे. राग कोणाच्या मालकीचा नसतो. त्याने वाजवलेले मात्र त्याचे असते, म्हणून त्याच्याकडून लेखी परवानगी घेतली आहे. तीत मुदत आणि प्रदेश या दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहून घेतल्या आहेत, कारण कलम १९ नुसार मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो, आणि परवान्यांनाही हाच नियम लागतो. दुबईत बसलेला आपला खान्देशी माणूस चित्रफीत पाहणार असेल, तर ही ओळ विसरून चालत नाही.

आता अभिरुचीविषयी. बासरी आपल्याला रडकी वाटली याला माझे उत्तर नाही. पण ओळखीचे गाणे फुलांना मदत करते, हे मला मान्य नाही. शब्द सुरू झाले की लक्ष शब्दांकडे जाते आणि फूल मागचा पडदा होऊन बसते. उलट सोळा मात्रांच्या तीनतालाची लय मिनिटाला ६० मात्रांची ठेवली, तर सोळा सेकंदांचे आवर्तन मिळते आणि त्यात चार-चार सेकंदांची चार चित्रे नेमकी बसतात. कपाशीचे फूल सकाळी पिवळसर पांढरे उमलते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गुलाबी होते. तो रंगबदल मी एका आवर्तनात मांडला असून पूर्ण गुलाबी फूल समेवर, म्हणजे पुढील आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येते. कापसाच्या मुलखात राहूनही अनेकांनी तो क्रम प्रथमच पाहिल्याचे मला कळवले, आणि त्यांपैकी कोणाला गाण्याची उणीव भासल्याचे दिसले नाही.

छायाचित्रांवरील नावाबद्दल एवढेच, की मी फुलावर हक्क सांगत नाही. हक्क छायाचित्रात असतो, ते काढताक्षणी नोंदणीशिवाय उत्पन्न होतो आणि छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. माझे केळफुलाचे एक छायाचित्र न विचारता खताच्या जाहिरातीत झळकले, तेव्हापासून मी कोपऱ्यात नाव घालू लागलो. शाळांना आणि शेतकरी गटांना मी ती विनामूल्य देतो. त्यांनी फक्त विचारावे आणि नाव ठेवावे. दुसऱ्याचे गाणे न विचारता उचलून ही अपेक्षा मला कोणत्या तोंडाने करता येईल?

आपली एक सूचना मात्र मी स्वीकारतो. अहिराणीतील कानबाईची, म्हणजे खान्देशातील लोकदेवतेची, गाणी परंपरेने चालत आलेली आहेत, आणि बाजारातील ध्वनिफितीऐवजी ती नव्याने गाऊन घेतली तर अडचण येत नाही; फक्त गाणाऱ्या स्त्रियांची लेखी संमती आणि योग्य मानधन हवे. अमळनेर परिसरात जुन्या चाली जाणणाऱ्या आजी-मावशी आपल्या माहितीत असतील, तर त्यांना विचारून मला कळवावे. फाल्गुनात पळस फुलतो, म्हणून ध्वनिमुद्रण माघातच उरकावे लागेल; येण्याजाण्याची व्यवस्था मी करीन.